प्लिंक १.९ आणि २.० : वेगवान, काटकसरी आणि फारच मितभाषी

जनुकीय डेटाच्या सांख्यिकी विश्लेषणात प्लिंक हे नाव इतके अंगवळणी पडले आहे, की त्याचे परीक्षण लिहावे असे सहसा कुणाला सुचत नाही. हजारो माणसांच्या लाखो मार्करची (म्हणजे डीएनएवरील, माणसामाणसांत फरक आढळणाऱ्या जागांची) माहिती हाती आली, की ती तपासणे, गाळणे, तिचे भाग पाडणे, ते पुन्हा जोडणे आणि अखेर एखाद्या रोगाशी किंवा मोजता येणाऱ्या गुणाशी प्रत्येक मार्करचा संबंध पाहणे, ही कामे अनेक प्रयोगशाळांत याच प्रोग्रॅमवर होतात. शॉन पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पहिल्या आवृत्तीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे क्रिस्तोफर चँग यांनी प्रोग्रॅम जवळजवळ नव्याने लिहून काढला आणि २०१५ मध्ये दुसऱ्या पिढीचा शोधनिबंध आला. आज वापरात असलेल्या १.९ आणि २.० या दोन्ही आवृत्त्या त्या पुनर्लेखनातून निघालेल्या आहेत. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींचा मूळ कोड खुला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : डेटा हाताळण्याच्या कामात या प्रोग्रॅमला तोड नाही, परंतु आपण विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे हे तो क्वचितच बोलून दाखवतो, आणि त्याच्या या स्वभावाची पुरती ओळख होईपर्यंत त्याच्या निकालांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

बसवण्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. एकच फाइल उतरवून घ्यायची आणि चालवायची. तिच्यासोबत दहा लायब्ररी शोधत बसावे लागत नाही. खिडक्या, बटणे यांपैकी काहीही नाही, सगळा कारभार कमांड लाइनवर चालतो. प्रत्येक वेळी एक लॉग फाइल तयार होते आणि तिच्यात दिलेली संपूर्ण कमांड, शिल्लक राहिलेल्या नमुन्यांची व मार्करची संख्या आणि इशारे नोंदवले जातात. ही लॉग फाइल न वाचता पुढे जाणारे वापरकर्ते बरेच असतात, आणि खाली सांगितलेल्या तक्रारींपैकी निम्म्या तरी त्यांच्याच वाट्याला येतात.

या प्रोग्रॅमचे खरे यश त्याच्या बेड फाइलमध्ये आहे. (जीनोमवरील पट्टे नोंदवणाऱ्या, याच नावाच्या दुसऱ्या मजकुरी फाइलशी तिचा काही संबंध नाही, या नामसाधर्म्याने नवख्यांची फसगत होते.) दोन अ‍ॅलील, म्हणजे त्याच जागेची दोन पर्यायी रूपे, असलेल्या मार्करवर एखाद्या माणसाची स्थिती चारच प्रकारची असू शकते : पहिल्या अ‍ॅलीलच्या दोन प्रती, दोन्ही अ‍ॅलीलची एकेक प्रत, दुसऱ्या अ‍ॅलीलच्या दोन प्रती, किंवा माहितीच नाही. चार शक्यतांना दोन बिट पुरतात, त्यामुळे एका बाइटमध्ये चार माणसे बसतात. ००, १०, ११ हे संकेत अनुक्रमे पहिल्या तीन स्थितींसाठी आहेत आणि ०१ हा संकेत हरवलेल्या माहितीसाठी राखलेला आहे. फाइलच्या आरंभी तीन ठरावीक बाइट असतात, दशमान पद्धतीत १०८, २७ आणि १. त्यांतील तिसरा बाइट एकेका मार्करची सर्व माणसे सलग मांडली आहेत एवढेच सांगतो. मार्करची नावे आणि स्थाने बिम फाइलमध्ये, माणसांची माहिती फॅम फाइलमध्ये, आणि या दोन्ही साध्या मजकुरात.

याचा हिशेब करून पाहावा. एक हजार माणसे आणि पाच लाख मार्कर असतील, तर जुन्या मजकुरी पद्धतीत प्रत्येक नोंदीला दोन अक्षरे आणि दोन मोकळ्या जागा धरून सुमारे दोन गीगाबाइट लागतात. बेड फाइलमध्ये तोच डेटा १२५ मेगाबाइटमध्ये मावतो. यूके बायोबँकसारख्या संग्रहात सुमारे पाच लाख माणसे आणि चिपवर थेट मोजलेले सुमारे आठ लाख मार्कर आहेत, तरी तो डेटा १०० गीगाबाइटच्या आसपास राहतो. जागेची बचत हा यातला लहान लाभ म्हणावा लागेल. मोठा लाभ असा, की १.९ पासून प्रोग्रॅम हे बिट न उलगडता त्यांवरच गणित करतो : चौसष्ट बिटांच्या एका शब्दात बत्तीस माणसे एकदम हाताळली जातात, आणि दोन मार्करमधील सहसंबंध काढणे म्हणजे बहुतांशी बिटांची तुलना करून एकांची मोजणी करणे एवढेच उरते. पहिल्या आवृत्तीत रात्रभर चालणारी कामे यामुळे चहा संपण्याआधी उरकू लागली. वेगासाठी महागडे यंत्र लागत नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. साध्या लॅपटॉपवर काही हजार नमुन्यांचे विश्लेषण आरामात होते.

गुणवत्ता तपासणीकडे वळले, की त्याच्या मितभाषीपणाचा पहिला अनुभव येतो. ज्या माणसांची माहिती फार ठिकाणी हरवली आहे ती गाळण्यासाठी 'माइंड' आणि जे मार्कर फार माणसांत वाचताच आले नाहीत ते गाळण्यासाठी 'जीनो' असे दोन पर्याय आहेत. ते एकाच कमांडमध्ये कोणत्याही क्रमाने लिहिले, तरी प्रोग्रॅम आपल्या ठरलेल्या क्रमानेच चालतो, आणि त्या क्रमात माणसे आधी गाळली जातात. चिपवरील काही हजार मार्कर मुळातच खराब असतील, तर त्यांच्या रिकाम्या नोंदींचे ओझे प्रत्येक माणसाच्या खात्यावर पडते आणि चांगले नमुने विनाकारण बाहेर जातात. म्हणून आधी ढोबळ मर्यादेने मार्कर गाळावेत, मग माणसे, मग पुन्हा कडक मर्यादेने मार्कर, आणि प्रत्येक पायरी वेगळ्या कमांडने करावी. हा क्रम दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेला आहे, मात्र कमांडमधला क्रम पाळला जात नाही असे चालताना पडद्यावर कुठेही दिसत नाही.

हार्डी-वाइनबर्ग समतोलाच्या, म्हणजे अ‍ॅलीलच्या प्रमाणांवरून अपेक्षित असलेल्या जोड्या प्रत्यक्षात तितक्याच आढळतात का याच्या, तपासणीत याउलट चांगली समज दिसते. डेटा रोगी आणि निरोगी अशा दोन गटांचा असेल, तर १.९ ही तपासणी आपणहून फक्त निरोगी गटावर करते. रोगाशी खरोखर संबंध असलेला मार्कर रोग्यांमध्ये समतोलापासून ढळलेला असू शकतो, आणि त्याला तांत्रिक चूक समजून गाळणे म्हणजे जे शोधायला निघालो तेच फेकून देणे होय. एक्स गुणसूत्रावरून नोंदलेले लिंग पडताळण्याची सोयही अशीच उपयोगी आहे : एक्सवरील समयुग्मतेचा (दोन्ही अ‍ॅलील सारखेच असण्याचा) निर्देशांक ०.२ पेक्षा कमी असेल तर स्त्री आणि ०.८ पेक्षा जास्त असेल तर पुरुष, अशा प्राथमिक मर्यादा आहेत. या तपासणीत विसंगती आढळली, तर बहुधा जीवशास्त्रापेक्षा नळ्यांची अदलाबदल हेच कारण निघते, आणि ते लवकर कळलेले बरे.

आता माझ्या मते सर्वांत मोठ्या उणिवेबद्दल. फॅम फाइलच्या सहाव्या रकान्यात रोगाची नोंद असते : निरोगी म्हणजे १, रोगी म्हणजे २, आणि माहिती नसेल तर ० किंवा उणे ९. जगातील बहुतेक सांख्यिकी प्रोग्रॅम ० आणि १ वापरतात. त्या सवयीने तयार केलेला रकाना जसाच्या तसा दिला, तर सर्व निरोगी माणसे हरवलेली आणि सर्व रोगी माणसे निरोगी ठरतात. हे टाळण्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. ही चूक तरी लॉगमधील रोग्यांची संख्या शून्य दिसताच उघडी पडते. अधिक फसवी गोष्ट पुढची आहे. त्या रकान्यात ०, १, २ आणि उणे ९ यांच्यापलीकडचा एखादा आकडा, समजा कुणी हरवलेल्या माहितीसाठी लिहिलेला उणे ९९, आला, तर १.९ संपूर्ण रकाना मोजता येणारा गुण आहे असे धरते आणि रोगी-निरोगी तुलनेऐवजी सरळ रेषेचे रिग्रेशन करून मोकळी होते. उणे ९९ ही संख्याही त्या गणितात खरी मोजणी म्हणून शिरते. निकाल येतो, पी-मूल्ये (निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता) येतात, आलेखही काढता येतो. खूण दोनच ठिकाणी दिसते : लॉगमध्ये गुण संख्यात्मक असल्याची एक ओळ असते, आणि निकालाच्या फाइलच्या नावाचे शेपूट 'असॉक' ऐवजी 'क्यूअसॉक' असे होते. एवढ्या मोठ्या बदलाला एका अक्षराची सूचना पुरेशी नाही.

दुसरी तक्रार अ‍ॅलीलच्या अदलाबदलीची. १.९ ज्या अ‍ॅलीलला ए-१ म्हणते तो सहसा त्या डेटात कमी प्रमाणात आढळणारा अ‍ॅलील असतो, आणि हे प्रमाण प्रत्येक वेळी डेटा उघडताना नव्याने ठरते. एखाद्या मार्करवर दोन अ‍ॅलील ४९ आणि ५१ टक्के असतील, तर नमुन्यांचा एक भाग वेगळा काढताच पारडे फिरू शकते, ए-१ बदलतो आणि परिणामाचे चिन्ह उलटते. अ‍ॅलीलचा क्रम जपण्याचा पर्याय उपलब्ध आहे, मात्र तो प्रत्येक कमांडमध्ये आठवणीने द्यावा लागतो. साखळीत एकदा विसरला, की पुढच्या साऱ्या फाइली बदलतात. दोन अभ्यासांचे निकाल एकत्र करताना किंवा एका अभ्यासातील परिणामांवरून दुसऱ्या समूहात बहुजनुकीय स्कोअर, म्हणजे अनेक मार्करचे परिणाम एकत्र करणारा आकडा, काढताना याचा फटका बसतो. त्यात ए-टी आणि सी-जी या जोड्यांची भर पडते, कारण डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोणता वाचला हे अशा मार्करवर नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. २.० मध्ये संदर्भ अ‍ॅलील आणि पर्यायी अ‍ॅलील स्वतंत्रपणे नोंदवले जातात, डेटाचा भाग काढल्याने ते बदलत नाहीत, आणि निकालात कोणत्या अ‍ॅलीलचा परिणाम दिला आहे तेही छापलेले असते. केवळ एवढ्या कारणासाठीसुद्धा नवी आवृत्ती स्वीकारण्यासारखी आहे.

स्कोअर काढण्याच्या सोयीबद्दलही दोन शब्द. १.९ मूळ रूपात बेरीज देत नाही, सरासरी देते. बेरीज हवी असेल तर तसे सांगावे लागते. ज्या मार्करचे अ‍ॅलील जुळत नाहीत ते वगळून काम पुढे चालू राहते, म्हणून किती मार्कर वापरले गेले हे लॉगमध्ये पाहिल्याशिवाय स्कोअर पुढे पाठवू नये. एकमेकांशी बांधलेल्या, म्हणजे वारशाने सहसा एकत्र येणाऱ्या, मार्करमधून प्रतिनिधी निवडणाऱ्या 'क्लम्प' या सोयीत १.९ ची प्राथमिक मर्यादा पी-मूल्य ०.०००१ अशी आहे. संपूर्ण जीनोमच्या अभ्यासात रूढ असलेली मर्यादा ०.०००००००५ आहे, कारण सुमारे दहा लाख स्वतंत्र चाचण्या धरून ०.०५ ला त्या संख्येने भागले जाते. काही न सांगता 'क्लम्प' चालवून मिळालेल्या यादीला 'सापडलेली स्थाने' म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरते.

लोकसमूहांच्या मिश्रणाचा प्रश्न हा या क्षेत्राचा जुना दुखरा भाग आहे. रोगी एका वंशपरंपरेतून जास्त आणि निरोगी दुसऱ्या परंपरेतून जास्त आले असतील, तर त्या दोन परंपरांत वेगळ्या प्रमाणात आढळणारा कोणताही मार्कर रोगाशी जोडलेला भासतो. त्यावर २००६ पासून रुळलेला उपाय असा, की प्रमुख घटक विश्लेषण (लाखो मार्करमधील फरक मोजक्या अक्षांत गोळा करणारी पद्धत) करून पहिले काही घटक रिग्रेशनमध्ये सहचल, म्हणजे ज्यांचा प्रभाव वजा करायचा असे जादा घटक, म्हणून घालायचे. प्लिंक हे काम करते आणि २.० मध्ये मोठ्या नमुन्यांसाठी यादृच्छिक पद्धतीवर आधारलेला जलद पर्यायही आहे. मात्र त्याआधी एकमेकांशी बांधलेल्या मार्करपैकी मोजकेच ठेवून मार्कर विरळ करून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी ५० मार्करची खिडकी, ५ ची उडी आणि ०.२ ची सहसंबंध-मर्यादा हे आकडे इतक्या लेखांतून उचलले गेले आहेत, की ते का निवडले हे आता कुणी विचारत नाही. तेवढ्यानेही भागत नाही. सहाव्या गुणसूत्रावरील रोगप्रतिकाराशी निगडित एचएलए प्रदेश आणि आठव्या गुणसूत्रावरील उलटलेला मोठा तुकडा अशा जागी मार्करची बांधीलकी फार लांबवर पसरलेली असते, आणि त्या न वगळल्यास एखादा घटक वंशपरंपरेऐवजी त्या एकाच प्रदेशाचे चित्र दाखवतो. अशा आलेखात तीन सुबक पुंजके दिसले, तर ते तीन लोकसमूह असतीलच असे नाही. उलटलेल्या तुकड्याच्या शून्य, एक आणि दोन प्रती बाळगणारी माणसेही तशीच तीन पुंजक्यांत बसतात. प्रत्येक घटकाशी कोणते मार्कर जोडलेले आहेत हे पाहण्याची सोय प्रोग्रॅममध्ये आहे, ती वापरावी.

नातेसंबंध ओळखण्यात दोन आवृत्त्यांतला फरक स्पष्ट दिसतो. १.९ मधील जुनी पद्धत संपूर्ण नमुना एकाच लोकसमूहातून आला आहे असे गृहीत धरून अ‍ॅलीलच्या प्रमाणांवरून नाते मोजते. मिश्र नमुन्यात त्यामुळे एका अल्पसंख्य गटातील परस्परांशी काही नाते नसलेली माणसे चुलत भावंडांसारखी दिसू लागतात. २.० मध्ये किंग पद्धत आहे आणि ती या गृहीतकावर तितकी विसंबत नाही. तिचे माप वेगळे आहे हे मात्र ध्यानात ठेवावे लागते : सख्खी भावंडे जुन्या मापात ०.५ च्या आसपास येतात, तर किंगच्या मापात ०.२५ च्या. एकाच माणसाचे दोन नमुने किंवा एकसारखी जुळी ०.३५४ च्या वर, पहिल्या पायरीचे नाते ०.१७७ च्या वर, दुसऱ्या पायरीचे ०.०८८४ च्या वर, अशा सीमारेषा वापरल्या जातात. जुन्या स्क्रिप्टमधील मर्यादा नव्या आवृत्तीत तशीच चिकटवली, तर बरेच नातलग गाळले जात नाहीत.

प्रत्यक्ष संबंध-चाचणीत २.० ची प्रगती चांगली आहे. रोगी थोडे आणि अ‍ॅलील दुर्मीळ असला, की साधे लॉजिस्टिक रिग्रेशन फसते. अशा वेळी ती आपणहून फर्थ यांच्या सुधारित पद्धतीकडे वळते आणि १.९ मध्ये दिसणारी अवाच्या सवा गुणोत्तरे टळतात. वय आणि वयाचा वर्ग असे सहचल मूळ मापात दिले, तर त्यांच्या मापांत फार तफावत आहे असे सांगून ती थांबते आणि सहचल प्रमाणित करण्याचा पर्याय सुचवते. नमुन्यात पन्नासपेक्षा कमी मूळ व्यक्ती (ज्यांचे आईवडील नमुन्यात नाहीत अशा) असताना अ‍ॅलीलच्या प्रमाणांवर आधारलेले गणित करायला सांगितले, तरी ती अडून बसते. काही वापरकर्ते या अडवणुकीवर चिडतात. मला हा आवृत्तीतला सर्वांत स्वागतार्ह बदल वाटतो, कारण जुनी आवृत्ती याच ठिकाणी मुकाट्याने पुढे गेली असती.

तरीही या चाचणीची मर्यादा आहे. प्लिंकमध्ये मिश्र प्रारूप, म्हणजे नातलग आणि सूक्ष्म लोकरचना यांचा हिशेब गणितातच धरणारी पद्धत, नाही. नातलग असलेल्या नमुन्यात त्यामुळे जवळच्या प्रत्येक जोडीतील एक माणूस गाळावा लागतो, आणि मोठ्या संग्रहात अशी बरीच माणसे वाया जातात. त्यासाठी बोल्ट-एलएमएम, सेज, रेजिनी असे वेगळे प्रोग्रॅम आहेत. रोगी फार थोडे आणि निरोगी फार जास्त असतील तर सेज किंवा रेजिनी यांच्याकडेच जावे. पी-मूल्ये फुगली आहेत का हे दाखवणारा लॅम्डा हा आकडा प्लिंक देते, पण फुगवटा लोकरचनेमुळे आहे की शेकडो जनुकांच्या खऱ्या लहान लहान परिणामांमुळे, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी २०१५ मध्ये मांडलेली एलडी (म्हणजे मार्करची परस्पर बांधीलकी) स्कोअर रिग्रेशनची पद्धत वापरावी लागते.

अंदाजाने भरलेल्या, म्हणजे चिपवर न मोजता शेजारच्या मार्करवरून ताडलेल्या, मार्करच्या बाबतीत जुनी आवृत्ती आता वापरूच नये असे मी म्हणेन. भरलेला मार्कर १.३ प्रती अशा अपूर्णांकात येतो आणि त्या अपूर्णांकातच त्याची अनिश्चितता असते. १.९ तो पूर्णांकात बदलते, किंवा पुरेसा जवळ नसेल तर हरवलेला मानते, आणि भरण्यासाठी घेतलेल्या मेहनतीचा बराच भाग इथे वाया जातो. २.० ची नवी फाइल अपूर्णांक, कोणते अ‍ॅलील गुणसूत्राच्या एकाच प्रतीवर आहेत ही माहिती आणि दोनपेक्षा जास्त अ‍ॅलील हे सगळे साठवू शकते. जनुकीय फरक नोंदवणारी व्हीसीएफ फाइल वाचताना मात्र अपूर्णांकाचे कोणते क्षेत्र घ्यायचे ते सांगावे लागते, नाहीतर तीही फक्त पूर्णांकच उचलते.

आवृत्ती कोणती घ्यावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. नवे काम सुरू करणाऱ्याने २.० ने आरंभ करावा आणि १.९ शेजारी ठेवावी. कुटुंबांवर आधारलेल्या चाचण्या आणि समयुग्मतेचे लांब पट्टे शोधणे ही कामे मी अजून १.९ वरच करतो. सामायिक सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी स्मृतीची मर्यादा स्वतः ठरवून द्यावी, कारण दोन्ही आवृत्त्या न विचारता यंत्राची निम्मी स्मृती राखून ठेवू पाहतात आणि शेजारच्या वापरकर्त्यांचे शिव्याशाप घेतात. आणि २.० चे निकाल आर या सांख्यिकी भाषेत उघडताना टिप्पणीचे चिन्ह बंद करावे. नव्या निकालांची शीर्षक-ओळ हॅश चिन्हाने सुरू होते, आर मधील नेहमीचे वाचन-फंक्शन तिला टिप्पणी समजून टाकून देते, शीर्षक आहे असे सांगितले असल्यास पहिल्या मार्करच्या ओळीलाच शीर्षक बनवते, आणि तो मार्कर कोणताही इशारा न देता विश्लेषणातून नाहीसा होतो.